शेंगेन व्हिसाचा फोटो: पुण्या-मुंबईची गाडी धरायच्या आधी हे वाचा

युरोपला जायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष बँक स्टेटमेंट, आयटीआर, हॉटेल बुकिंग आणि इन्शुरन्सवर असतं, आणि फोटो कधी काढायचा तर अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या स्टुडिओत, तो शटर खाली ओढायच्या बेतात असताना. "पासपोर्ट साईज द्या आठ" म्हणायचं आणि पाकीट खिशात घालून घरी यायचं. बाकीची फाईल तीनतीनदा तपासलेली असते, पण ते पाकीट कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. आणि मग काउंटरवर नडतो तो फोटोच.

आपल्याकडं कोल्हापुरातनं फाईल द्यायला पुण्याचं नाहीतर मुंबईचं व्हिसा सेंटर गाठावं लागतं. पुणं म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मुंबई तर त्याहून लांब. तिथं जाऊन "हा फोटो चालणार नाही" ऐकायचं आणि मग तिथंच जास्तीचे पैसे देऊन, घामेजलेल्या चेहऱ्यानं, प्रवासात चुरगळलेल्या शर्टात परत फोटो काढायचा, आणि तोच फोटो मग व्हिसाच्या स्टिकरवर छापून पासपोर्टात कायमचा बसणार. कशाला पाहिजे ही कटकट?

घरच्यांच्या, गल्लीतल्या लोकांच्या आणि उद्यमनगरातल्या ओळखीच्या फौंड्रीवाल्यांच्या फाईली लावताना जे बघितलं ते इथं क्रमानं लिहितोय. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला चार वर्षांतनं एकदा गिफा म्हणून फौंड्रीवाल्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, २०२३ ला झालं, आता २०२७ ला आहे, त्याच्या आधी तर आपल्याकडं व्हिसाच्या फाईलींची नुसती रांग लागते. त्यामुळं आत्ताच लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. फोटोवाल्याला तुम्हाला देखणं करायचं असतं, आणि व्हिसावाल्यांना तुम्ही जसे आहात तसे पाहिजे असता. फोटोत जेवढे म्हणून घोळ होतात ते बहुतेक इथनंच सुरू होतात.

काय काय लागणार

- तुमच्या देशाच्या व्हिसा सेंटरची चेकलिस्ट, ताजी, साईटवरनं डाउनलोड केलेली
- मिलिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी (कंपासपेटीतली चालते, उद्यमनगरवाल्यांनी व्हर्निअर घेतला तरी आपलं काही म्हणणं नाही)
- गडद रंगाचा, कॉलरचा शर्ट किंवा तसाच साधा ड्रेस
- स्टुडिओत द्यायला मापांची चिठ्ठी
- फोटो ठेवायला छोटं पाकीट आणि जाड पुठ्ठ्याचा तुकडा
- घरी काढणार असाल तर पांढरी इस्त्रीची चादर, मोबाईल आणि दुसरा माणूस, कारण सेल्फी चालणार नाही

१. आधी कुठल्या देशाचा व्हिसा ते नक्की करा

हे फोटोच्या लेखात कशाला असं वाटेल, पण इथंच गफलत होते. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट, त्यात सध्या २९ देश आहेत, बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले. ह्या सगळ्यांचा फोटोचा मूळ आकार एकच. पण इंग्लंड आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, त्यांचा व्हिसा वेगळा. इंग्लंडच्या व्हिजिट व्हिसाला तर सेंटरवरच फोटो काढून घेतात, तुम्ही नेलेला फोटो तिथं कुणी मागत नाही. अमेरिकेचा फोटो दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी. त्यामुळं स्टुडिओत नुसतं "व्हिसाचा फोटो" म्हणालात तर समोरचा त्याला माहीत असलेला अमेरिकेचा चौकोनी फोटो काढून देईल आणि त्यात त्याची काहीच चूक नाही.

तीन-चार देश फिरणार असाल तर अर्ज कुठं करायचा? जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडं, दिवस सारखेच असतील तर जिथनं आत शिरणार त्या देशाकडं. देश ठरला की त्याची फाईल कुठली कंपनी घेते ते बघा, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड ह्यांचं काम व्हीएफएसकडं आहे, स्पेनचं बीएलएसकडं. मग त्यांच्या साईटवरची चेकलिस्ट उघडायची आणि फोटोबद्दलच्या दोन-तीन ओळी नीट वाचायच्या: किती प्रती, मागं कुठला रंग, फॉर्मवर चिकटवायचा की सुटा द्यायचा.

रंगाचं मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच चेकलिस्टांत पांढरं बॅकग्राऊंड लिहिलेलं असतं. पण फ्रान्सच्या स्वतःच्या पासपोर्ट-ओळखपत्राच्या नियमात पांढरं चालतच नाही, हलकं राखाडी किंवा हलकं निळं लागतं. इंटरनेटवर दोन्ही वाचून माणसं गोंधळतात आणि मग एकमेकांना फोन करत बसतात. तुम्ही जिथं फाईल देणार त्या सेंटरच्या चेकलिस्टमध्ये जे लिहिलंय तेच धरा, बाकी सगळं सोडून द्या. "फिकट रंग" एवढंच लिहिलं असेल तर हलकं राखाडी सगळ्यात बरं, पांढरे केससुद्धा त्यावर उठून दिसतात.

२. मापं समजून घ्या, कारण आकार बरोबर असून फोटो चुकतो

फोटो ३५ मिमी रुंद, ४५ मिमी उंच. आपल्याकडचा पासपोर्ट साईज पण बहुतेक एवढाच असतो, म्हणून लोकांना वाटतं की झालं काम. खरी मेख पुढंच आहे. शेंगेनला चेहरा फोटोच्या ७० ते ८० टक्के लागतो, म्हणजे हनुवटीच्या टोकापासनं टाळूपर्यंत ३२ ते ३६ मिमी. आपल्या स्टुडिओतल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोत खांदे, छाती, शर्टाचा खिसा, त्यातलं पेन सगळं येतं आणि चेहरा कसाबसा पंचवीस मिमीचा उरतो. शाळेच्या दाखल्याला, बँकेच्या फॉर्मला तो चालतो. इथं नाही चालत.

टाळू म्हणजे डोक्याचा वरचा भाग, केसांचा फुगा नव्हे. केस दाट, कुरळे किंवा वर उभे केलेले असतील तर केसांच्या टोकापर्यंत मोजून फसू नका, कवटी कुठं संपते त्याचा अंदाज घ्या. तरीपण केस फोटोच्या बाहेर कापले जाता कामा नयेत, वर थोडी मोकळी जागा दिसली पाहिजे.

मी ३४ मिमी धरायला सांगतो. कटिंग करताना जरा इकडंतिकडं झालं तरी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमीचं टॉलरन्स राहतं. जॉब मोजून देणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात कळतं, बाकीच्यांना पट्टी लावून दाखवावं लागतं.

हल्ली आणखी एक सापळा तयार झालाय. आपल्या भारतीय पासपोर्टसाठी परदेशातल्या आपल्या वकिलाती जे फोटो मागतात त्यात चेहरा ८० ते ८५ टक्के सांगितलाय. त्यामुळं कुणी दुबईहून किंवा सिंगापूरहून आलेल्या नातेवाईकानं "हे घे, माझं माप दाखव स्टुडिओत" म्हणून तसला फोटो दिला तर शेंगेनसाठी चेहरा मोठा होणार. तिकडचं माप तिकडं.

फोटो किती जुना चालतो? सहा महिन्यांच्या आतला. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावा लागतो, तेव्हा अपॉइंटमेंट मिळाली की त्याच आठवड्यात फोटो काढायचा, एवढा हिशोब पुरे. कपाटातला जुना फोटो नको, आणि मागच्या व्हिसावर जो फोटो आहे तोच परत द्यायचा तर अजिबात नको, कारण त्या व्हिसावर तारीख छापलेली असते आणि समोरच्याला दोन सेकंदात कळतं. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिन्यांपर्यंत परत वापरता येतात, पण फोटो दरवेळी नवा.

३. फोटोला जाताना काय घालायचं, काय काढायचं

पांढरा शर्ट नको. आपल्याकडं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट म्हणजे मोठा माणूस हे ठीक आहे, पण पांढऱ्या बॅकग्राऊंडवर पांढरी कॉलर विरघळून जाते आणि मुंडकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. नेव्ही ब्लू, मरून, गडद हिरवा, काळा, काहीही चालेल. बारीक चौकड्यांचे शर्ट पण टाळा.

चष्मा काढून ठेवा. नियमात चष्म्याला सरसकट बंदी नाही, काच रंगीत नसावी, डोळे पूर्ण दिसावेत आणि चमक येऊ नये एवढंच आहे, पण ती चमक जाता जात नाही आणि फ्रेमची कडा डोळ्यावर येतेच. वर काही ठिकाणी काउंटरवर सरळ चष्म्याशिवायचाच फोटो मागतात. काढलेला बरा.

डोक्यावर टोपी, फेटा, कॅप काही नको. धर्माच्या कारणानं डोकं झाकत असाल तर चालतं, पण तेव्हासुद्धा हनुवटीपासनं कपाळापर्यंत आणि दोन्ही बाजूंनी चेहरा मोकळा दिसला पाहिजे, कापडाची सावली चेहऱ्यावर पडता कामा नये. गांधी टोपी कितीही रोजची असली तरी ती ह्यात बसत नाही. गावाकडनं आलेल्या आजी, मावशी डोक्यावर पदर घेऊनच खुर्चीत बसतात, त्यांना आधीच प्रेमानं सांगा की फोटोपुरता पदर खांद्यावर घ्या, ऐनवेळी फोटोवाल्यासमोर सांगितलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं आणि ते चेहऱ्यावर उतरतं.

टिकलीला मनाई नाही. रोज लावता तीच लावा, खड्यांची चमकणारी नको. मोठी नथ ओठावर येत असेल तर काढा, लहान चमकी राहू दे. मोठे झुमके काढलेले बरे. मंगळसूत्र, तुळशीची माळ ह्यानं काही बिघडत नाही. कपाळावरचा अष्टगंध, बुक्का मात्र पुसून घ्या. आणि जोतिबाला जाऊन आला असाल तर त्या दिवशी फोटोचं नाव काढू नका, गुलाल केसांच्या मुळांत आणि कानाच्या पाळीत किती राहतो ते कॅमेऱ्यालाच दिसतं.

दाढी-मिशी जशी ठेवता तशी. फक्त फोटो काढल्यावर एकदम सगळं सफाचट करू नका. चेहऱ्यात मोठा फरक पडला असेल तर नवीन फोटो काढून घ्या, कारण व्हिसाच्या अर्जातला फोटो त्यांच्या व्हिसा इन्फर्मेशन सिस्टीममध्ये साठवला जातो आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर ईईएस म्हणून जी नवी नोंदणी सुरू झालीय त्यात उतरल्यावर कॅमेऱ्यासमोर उभं करून तिथं पण चेहरा टिपतात.

मेकअप रोजच्यासारखा हलका. चेहरा तेलकट होत असेल तर रुमालानं कोरडा करून मगच खुर्चीत बसा, कपाळावरची चमक ही फोटो परत करायची नेहमीची सबब आहे.

४. स्टुडिओत गेल्यावर

आपल्या गावाला फोटोचं वेड जुनं आहे, बाबुराव पेंटरांच्या काळापासनं इथं कॅमेरा आणि स्टुडिओ म्हणजे घरचंच प्रकरण. महाद्वार रोड, राजारामपुरी, शाहूपुरी, कुठंही जा, चांगला फोटो काढणारा माणूस मिळतो. अडचण चांगल्या फोटोचीच आहे. तो तुमच्या गालावरचा तीळ काढतो, डोळ्याखालची काळी वर्तुळं पुसतो, रंग दोन शेड उजळ करतो, केस विरळ असतील तर भरतो, आणि मागितलं नाही तरी वर कोट-टाय चढवून देतो. लग्नाच्या बायोडाटाला हे लई भारी. व्हिसाला ह्यातलं एकही चालत नाही. चेहऱ्यात कसलाही बदल केलेला फोटो म्हणजे तो तुमचा फोटोच नव्हे असं धरतात.

म्हणून आत गेल्या गेल्या, खुर्चीत बसायच्या आधी बोला. साधारण असं:

"दादा, शेंगेन व्हिसाचा फोटो पाहिजे. पस्तीस बाय पंचेचाळीस मिमी. चेहरा हनुवटी ते टाळू चौतीस. मागं पांढरं, सावली नको. रिटच काही करू नका, रंग पण उजळू नका, आहे तस्सा द्या."

बहुतेक वेळा उत्तर येतं, "अहो साहेब, थोडं तरी करतो की, असा कसा देऊ?" तिथं नाही म्हणायचं. भिडस्तपणा करू नका, हसून पण ठाम. वर हेच सगळं एका चिठ्ठीवर लिहून द्या, कारण काउंटरवर ऐकणारा वेगळा असतो आणि आत कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा वेगळा, आणि त्याचा हात सवयीनंच स्मूथच्या बटणावर जातो.

चिठ्ठीत एवढं लिहा: ३५ बाय ४५ मिमी, भोवती पांढरी किनार नको, चेहरा ३४ मिमी, बॅकग्राऊंड चेकलिस्टमधलं, रिटच नाही, ४ प्रती आणि सॉफ्ट कॉपी. किनारीचं लक्षात ठेवा, काही ठिकाणी फोटोभोवती छान पांढरी किनार सोडून कापतात, मग बाहेरनं माप बरोबर येतं आणि आतला फोटो लहान होतो.

बॅकग्राऊंड खरंखुरं पाहिजे. निळ्या पडद्यासमोर फोटो काढून नंतर कॉम्प्युटरवर पांढरं करून देतात त्यात कानाच्या कडा, केसांच्या बटा कापल्या जातात, खांद्याभोवती निळसर रेघ राहते. मागं पांढरा पडदा लावायला सांगा, आणि स्टूल पडद्याला चिकटून असेल तर दोन-तीन फूट पुढं ओढायला सांगा म्हणजे डोक्यामागं सावली पडत नाही.

खुर्चीत बसल्यावर पाठ सरळ, दोन्ही खांदे एका रेषेत, मान वाकडी नको, हनुवटी वर पण नको खाली पण नको. आपल्याकडं फोटोवाला हनुवटीला बोट लावून मान जराशी तिरकी करतो, तेवढं करू देऊ नका. तोंड मिटलेलं, दात दिसायला नकोत, चेहरा शांत. हसू नका म्हटल्यावर लोक एकदम पोलीस ठाण्यात आणून बसवल्यासारखे दिसायला लागतात, एक श्वास सोडा आणि गाल सैल ठेवा. डोळे पूर्ण उघडे, नजर थेट लेन्समध्ये, केस डोळ्यांवर नकोत. दोन्ही कान दिसलेच पाहिजेत असा नियम नाही, पण केस मागं घेतले की चेहऱ्याची कड स्वच्छ दिसते, म्हणून घ्याच.

आणि प्रिंट मारायच्या आधी स्क्रीनवर बघायला मागा. सगळ्यात महत्त्वाची जागा ही. मोठा करून बघा: डोळे स्पष्ट आहेत का, लाल झालेत का, तीळ-डाग जागेवर आहेत का, कातडीचा पोत दिसतोय का प्लास्टिकसारखं गुळगुळीत झालंय. गुळगुळीत असेल तर मूळ फाईल परत उघडायला लावा.

५. घरी मोबाईलवर काढायचा असेल तर

जमतं. पण सोपं आहे म्हणून करू नका, लहान बाळ किंवा अंथरुणावरचं माणूस असेल, स्टुडिओत नेणं कठीण असेल तरच करा.

भिंती आपल्याकडं पिस्ता, गुलाबी, पिवळ्या असतात, म्हणून पांढरी चादर कडक इस्त्री करून ताणून लावायची, सुरकुती दिसता कामा नये. माणूस चादरीपासनं दोन-तीन फूट पुढं. उजेड समोरनं पाहिजे, म्हणजे मोठ्या खिडकीकडं किंवा गॅलरीकडं तोंड करून उभं राहायचं, थेट ऊन नको. पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी जो मऊ सारखा उजेड असतो तो ह्या कामाला एकदम काटा किर्र. ट्यूबलाइट डोक्यावर असेल तर बंद करा, डोळ्यांच्या खोबण्यांत सावल्या पडतात.

मोबाईल दुसऱ्यानं धरायचा, मागचा मुख्य कॅमेरा, डोळ्यांच्या उंचीवर, दीड-दोन मीटर लांबनं. हातात धरून सेल्फी काढली की नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात, तो तुमचा खरा चेहरा नसतो. पोर्ट्रेट मोड बंद, ब्युटी फिल्टर बंद. हल्लीच्या फोनमध्ये ब्युटी आपोआप चालू असते, सेटिंगमध्ये जाऊन बघा. फ्लॅश पण नको. मान, खांदे, सगळं येईल असा सैल फोटो घ्या, नंतर कापता येतं. भराभर आठ-दहा काढा, त्यातला एखादाच डोळे नीट उघडे असलेला निघतो.

बॅकग्राऊंड पुसून देणारी, एका क्लिकवर व्हिसा फोटो करून देणारी ॲप आहेत. कापायला आणि मापात बसवायला वापरा हवं तर. बॅकग्राऊंड बदलायला आणि चेहरा "सुधारायला" वापरू नका.

६. प्रिंट

घरचा फोटो स्टुडिओत प्रिंटला देणार तर व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून पाठवू नका, दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मेल, नाहीतर पेनड्राइव्ह. प्रिंट ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) काढायची तर ३५ बाय ४५ मिमी म्हणजे साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल, ६०० ला ८२७ बाय १०६३. तुमची कापलेली फाईल ह्याच्यापेक्षा लहान असेल तर प्रिंट फुटणार.

चार बाय सहा इंचाच्या एका कागदावर ह्या मापाचे आडवे मांडून आठ फोटो बसतात. प्रिंट मारताना "फिट टू पेज" नको, शंभर टक्के साईजलाच. ह्या एका टिकमुळं ३४ चा चेहरा ३७ होतो आणि कुणाला कळतही नाही.

कागद फोटो पेपरच. झेरॉक्सच्या दुकानात साध्या कागदावर कलर प्रिंट मारून देतात ती बँकेत चालते, इथं नाही. ग्लॉसी की मॅट हे चेकलिस्टमध्ये असेल तसं. कोपरे चौकोनी ठेवा, गोल कापू नका.

७. दुकानातनं पाय बाहेर टाकायच्या आधी

पट्टी काढा. लाजू नका. फोटोवर ठेवा:

- रुंदी ३५, उंची ४५
- हनुवटी ते टाळू ३२ ते ३६ च्या मधे
- डोक्याच्या वर मोकळी जागा आहे, केस कापलेले नाहीत
- चेहरा मधोमध, एका बाजूला सरकलेला नाही
- मागं सावली नाही, चादरीची घडी नाही, रंग सगळीकडं सारखा
- कपाळावर, नाकावर पांढरा चमकता डाग नाही
- शाईचा ठिपका, बोटाचा ठसा, रेघ नाही

एखादी गोष्ट चुकली तर तिथंच सांगा. उभ्या उभ्या पाच मिनिटांत दुसरी प्रिंट मिळते. घरी जाऊन लक्षात आलं की आपण "चालतंय की" म्हणतो, आणि ते "चालतंय की" पुण्यात काउंटरवर महागात पडतं.

८. लेकरं आणि म्हातारी माणसं

अगदी तान्ह्या बाळालासुद्धा स्वतःचा वेगळा फोटो लागतो. पांढऱ्या चादरीवर आडवं झोपवा आणि वरनं, बरोबर मधोमध फोन धरून काढा, स्वतःची सावली पडणार नाही ह्या बेतानं. डोळे उघडे पाहिजेत. आईचा हात, खेळणं, चुपणी, झबल्याची टोपी काही दिसता कामा नये. काजळाची तीट गालावर असेल तर पुसा, नंतर परत लावा. बाळ दूध पिऊन तृप्त असतं ती वेळ धरा, झोपेच्या वेळेला हट्ट करू नका. लहान मुलांना चेहऱ्याच्या आकारात आणि भावात थोडी सवलत असते, पण समोर बघणं आणि चेहरा मोकळा असणं ह्यात नाही. बारा वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, म्हणजे त्यांच्या बाबतीत ओळख पटवायला फोटोच राहतो, तेव्हा तो नीटच असू दे.

म्हाताऱ्या माणसांची पाठ वाकलेली असते, मान पुढं येते. खुर्चीत मागं उशी द्या आणि कॅमेराच त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर खाली आणा, त्यांना "वर बघा" म्हणू नका. कवळी रोज वापरत असतील तर फोटोत पण घालू दे.

९. फॉर्मला लावताना

आपल्या सरकारी फॉर्मांची सवय अशी की फोटो चिकटवायचा आणि त्याच्यावर आडवी सही ठोकायची. व्हिसाच्या फॉर्मवर हे करू नका. चेकलिस्टमध्ये स्पष्ट सांगितलं नसेल तर फोटोवर सही, शिक्का, काहीही नको, तो स्कॅन होणार असतो.

स्टेपलर तर नाहीच नाही. चिकटवायचा असेल तर डिंक नको, ओला होऊन फुगतो, गम स्टिक वापरा, चार कोपऱ्यांना हलकी. सुटा द्यायचा असेल तर पाकिटात, पुठ्ठ्याच्या तुकड्यासकट, पाकिटावर नाव. फोटोच्या मागं बॉलपेननं दाबून नाव लिहिलं की पुढं कपाळावर उमटतं. घरातल्या चौघांची फाईल एकत्र असेल तर चार पाकिटं करा, दोन भावंडांचे फोटो एकमेकांच्या फॉर्मवर चिकटवलेले पण बघितलेत.

फाईल बॅगेत तळाला घालून वर भडंगाचा डबा ठेवायचा हा उद्योग पण नको, फोटोला मुडप पडते.

१०. सेंटरवर

चिकटवलेल्या शिवाय दोन सुटे फोटो जवळ ठेवा. सॉफ्ट कॉपी मेलवर असू दे. घातलेला शर्ट शक्यतो गडद, कारण काही ठिकाणी ठसे घेताना तिथंच लाइव्ह फोटो पण घेतात, आणि काउंटरवर तुमचा फोटो नाकारलाच तर सेंटरच्या आत किंवा जवळपास फोटोची सोय बहुतेक असते, महाग असते पण त्यांच्या मापात असते. तिथं वाद घालत बसू नका, "आमच्या इथं तर चालतो" ह्याला तिथं काही किंमत नाही आणि तुमचा नंबर निघून जातो. फक्त काय चुकलं ते नीट विचारून घ्या, म्हणजे बरोबरच्या बाकीच्यांचे फोटो त्यांचा नंबर यायच्या आत बघता येतात.

पहिल्यांदा ठसे देणार असाल तर आधीच्या आठवड्यात बोटांवर मेंदी नको, आणि भट्टीवर, लेथवर काम करणाऱ्यांनी हात जरा सांभाळा, भाजलेलं-कापलेलं बोट मशीनला वाचता येत नाही.

उरलेले फोटो पाकिटावर तारीख टाकून ठेवा, सहा महिने उलटले की बँकेला, गॅसला, कुठंही वापरून संपवा.